पांढरी चार

भिण्याच्या बाबतीत आमच्या आतोबांचा हात धरणारा माणूस वैनगंगेच्या अलीकडे नाही आणि पलीकडेही नाही. लोक भुताला भितात, विंचवाला भितात, साहेबाला भितात. आतोबा दह्याला भीत. दही, ताक, चिंच, जांब, गोळेवाल्याच्या गाडीवरचा बर्फ, छताचा पंखा, धावत्या ऑटोत समोरून येणारा वारा, या सगळ्यांनी मिळून आपल्याविरुद्ध कट केला आहे अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि तो कट एकाच वस्तूसाठी होता, त्यांच्या गळ्यासाठी. एप्रिलात, जेव्हा बालाघाटची कुत्रीसुद्धा नळाखालची ओली जागा सोडत नाहीत, तेव्हा आतोबा गळ्याला मफलर गुंडाळून सिंचन खात्याच्या ऑफिसात जात. ऑटोत ते ड्रायव्हरकडे पाठ करून बसत. गल्लीतली पोरं त्यांना 'मफलरवाले फूफाजी' म्हणत, आणि पोरांवर ओरडावं तर गळा खर्च होणार, म्हणून आतोबा ते नाव मुकाट्याने चालवून घेत. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. त्यांचं नाव सांगत नाही, कारण आपलं नाव छापून आलं एवढ्या धक्क्यानेसुद्धा त्यांचा घसा बसेल.

एवढा जपलेला गळा करायचा काय, तर मंगलाष्टकं म्हणायची. आमच्याकडे, मध्य प्रदेशात, मराठी घरं थोडी, आणि त्या घरांतली निम्मी पोरं 'सावधान' एवढाच शब्द मराठीत म्हणतात, बाकीचं बोलणं हिंदीत. त्यामुळे लग्न कोणाचंही असो, अंतरपाट धरला की सगळ्या माना आतोबांकडे वळत. ते पुढे येत, मफलर सोडत, डोळे मिटत, आणि त्यांचा आवाज असा वर चढत जाई की बँडवाले कर्णे खाली ठेवून ऐकत. ते पांढरी चारमध्ये गात. गाण्यातलं ज्यांना माझ्याइतकंच कळतं त्यांच्यासाठी सांगतो. पेटीवरच्या ज्या पट्टीला गाणारा आपला 'सा' धरतो ती त्याची पट्टी. साधी पुरुषमाणसं काळी एकमध्ये गातात. तिथून अर्ध्या-अर्ध्या सुराच्या चार पायऱ्या चढलं की पांढरी चार येते, आणि तिथे पुरुषाने सहज वावरणं हे काम सोपं नव्हे. "काळी एकमधी तं आंघोळ करतानी कोणीही गाते," असं आतोबा म्हणत, आणि म्हणताना चेहरा असा करत की काळी एकमध्ये गाणाऱ्याने पुन्हा आंघोळसुद्धा करू नये. सगळं जग त्यांनी पट्ट्यांत वाटून टाकलं होतं. राइस मिलचा भोंगा काळी दोन, छोट्या लाइनच्या रेल्वेच्या इंजिनाची शिटी काळी पाच, साहेब रागावले की पांढरी सहा. हे खरं की थाप, ते तपासायला आमच्यात कोणालाच कान नव्हता. म्हणून आम्ही थाप धरून चाललो होतो.

लग्नाच्या आधीचे दोन दिवस त्यांचं मौन असे. बोलायचं ते खिशातल्या वहीत लिहून. एकदा अशाच मौनात त्यांना ऑफिसच्या कामाने बैहरला जावं लागलं आणि परतीच्या वाटेवर जंगलात जीप बंद पडली. ड्रायव्हर जीपखाली शिरला होता. तेवढ्यात खालच्या वळणावरून लाकडांचा ट्रक जाताना दिसला. ड्रायव्हर ओरडला, "बाबूजी, आवाज दो, आवाज दो!" आतोबांनी मफलर फिरवला, टाळ्या वाजवल्या, जीपच्या टपावर छत्री आपटली, पण आवाज काही दिला नाही. ट्रक निघून गेला. मग बाजूच्या झुडपात काहीतरी सळसळलं. ड्रायव्हर म्हणाला, "भालू होगा, शोर मचाओ." आतोबा थरथरत होते, अस्वलाला ते भीत नव्हते असं नाही. पण त्यांनी वही काढली आणि लिहून दिलं, 'आप मचाओ. मेरी कल शादी है.' चाळिशी उलटलेल्या बाबूचं ते निवेदन वाचून ड्रायव्हर अस्वलापेक्षा जास्त दचकला. ही गोष्ट पुढे सगळ्या सिंचन खात्यात पसरली आणि बरेच दिवस लोक आत्याला गंभीर चेहऱ्याने विचारत, "भाभीजी, घर में सब ठीक है ना?"

आत्या मात्र कशालाच भीत नसे. आतोबांच्या समोर बसून ती वाटीभर दही साखर न घालता खाई, तेव्हा ते तोंड फिरवून घेत. आत्याचा तानपुरा होता, आमच्या घरून तिच्याबरोबर गेलेला. रोज सकाळी आतोबांच्या रियाजाला ती अर्धा तास तो छेडत बसे, आणि तिकडे चूल खोळंबून राही. शेवटी तोडगा तिनेच काढला. "एकडाव टेपमधी भरून घ्या, मंग रोज रोज मले नका बसवू," ती म्हणाली. एका रविवारी दारं-खिडक्या बंद झाल्या, पंखा बंद झाला, नवी कोरी कॅसेट लागली, आणि तानपुरा पांढरी चारमध्ये लावून आत्या बसली. अकराव्या मिनिटाला, तारेवरचं बोट न थांबवता, ती म्हणाली, "अवो, दूध पाहा बरं, उतू जाऊन राह्यलं!"

आता आली का पंचाईत. 'हौ' म्हणावं तर आपला आवाज टेपमध्ये जाणार, कॅसेट बिघडणार. आतोबांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि ते चवड्यांवर, एकेक पाऊल तोलत, स्वयंपाकघराकडे निघाले. त्या चालीने ते पोचेपर्यंत दूध जायचं तिथे गेलं होतं. कॅसेटमध्ये आत्याचं ते वाक्य आहे, त्यानंतर लांबून शेगडीवर दूध सांडल्याचा चर्र आवाज आहे, आणि आतोबांचा आवाज कुठेच नाही. आत्या म्हणाली, पुन्हा भरून घेऊ. आतोबा भ्याले, पुन्हा बसवलं आणि तार तुटली तर? त्यामुळे तीच कॅसेट कायम झाली. रोज सकाळी अकराव्या मिनिटाला खोलीतली आत्या दूध पाहा म्हणे, आणि स्वयंपाकघरातली आत्या, "अवो, पाह्यलं न बाई मी," असं स्वतःलाच उत्तर देई.

पुढे काही वर्षांनी आत्या गेली. आठ दिवसांचा ताप, गोंदियाचा दवाखाना, आणि संपलं. दवाखान्यात ती त्यांना म्हणाली, "पोरीच्या लग्नात मंगलाष्टकं तुम्हीच म्हणजा. तवरी आवाज जपजा." मी पायाशी उभा होतो. त्या दिवसापर्यंत आतोबांच्या भिण्याला आम्ही हसत होतो. त्या दिवसानंतर हसणं थोडं अवघड झालं. माझी आतेबहीण तेव्हा शाळेत होती. म्हणजे तो गळा अजून कितीतरी वर्षं पुरवायचा होता. ते दुसरा मफलर वापरू लागले, पहिल्याच्या वरून.

माझं कोर्टासमोर कॉम्प्युटरचं दुकान होतं. अर्ज, शपथपत्रं, लग्नपत्रिका. नागपूरच्या एका मित्राने आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर सीडीवर आणून दिलं होतं, त्यामुळे शाळांच्या गॅदरिंगच्या काळात गाणं पोरींच्या गळ्यात बसेल असं वर-खाली करून द्यायचं कामही माझ्याकडे येई. पडद्यावर आवाजाचा हिरवा तुरा दिसतो. 'पिच' असं लिहिलेल्या चौकटीत उणे एक लिहिलं की गाणं अर्धा सूर उतरतं, आणि खाली छोटीशी खूण केली की वेग तोच राहतो. त्या कॉम्प्युटरवर मी आतोबांची कॅसेट सीडीवर घेऊन दिली होती, आणि बरं झालं घेतली, कारण पुढच्याच महिन्यात मूळ कॅसेट टेपरेकॉर्डरच्या तोंडात अडकून चुरगळली. त्या दिवशी आतोबा असे पांढरे पडले होते की सीडी सुरक्षित आहे हे मी त्यांना तीन वेळा लावून दाखवलं.

मग एका वकिलाच्या मुलीच्या लग्नात त्यांचा आवाज वर गेला आणि तिथेच चिरकला. लोकांच्या लक्षातही आलं नसेल. बँड लागलीच सुरू झाला. पण आतोबा जेवले नाहीत. आठवडाभर ते कोणाशी बोलले नाहीत, आणि मग एका दुपारी माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसले. दोन्ही मफलर हातात होते. गळा उघडा, आणि त्यावरची शीर उडताना मला दिसत होती. असा भ्यालेला माणूस मी दवाखान्याबाहेर पाहिला नव्हता.

"एक विचारू का?" ते म्हणाले. "ते सीडी चढली तं नाही न रे? कॅशेट चढे जुनी झाली का. तशी?"

सीडीचा सूर चढत नाही. हे मला ठाऊक होतं. उतरला होता तो त्यांचा आवाज, वयाने, सगळ्यांचा उतरतो तसा. पण हे त्या माणसाला त्या स्टुलावर सांगायचं कोणी? मी म्हणालो, "चढली असेल आतोबा. आपल्याकडचं ऊन! सीडी ताणली जाते उन्हाने. द्या, परत जागेवर आणून देतो."

"जागेवर येते?"

"अगदी."

त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की समोरचे शपथपत्रांचे कागद हलले. ते गेल्यावर मी तानपुरा अर्धा सूर उतरवला. पहिल्या खेपेला खालची खूण करायला विसरलो, तर सगळा तानपुरा पेंगायला लागला आणि आत्याचं वाक्य एवढं लांबलं की ते संपेपर्यंत दुधाचा खवा झाला असता. ते पुसलं, पुन्हा केलं. नव्या सीडीवर मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलं, 'पांढरी चार'. आयुष्यात मी हजारो शपथपत्रं टाइप केली, पण स्वतः लिहिलेलं खोटं तेवढं एकच.

एकच म्हणतो, पण दरवर्षी एक. उन्हाळा सरला की आतोबा येत. "पुन्हा चढली वाटते रे थोडीशी." मी म्हणे, "यंदा ऊन फारच होतं." मग मी मागच्या वर्षीची फाइल उघडून आणखी अर्धा सूर उतरवी, तिच्यावरच सेव्ह करी, 'पांढरी चार' लिहून देई, आणि जुनी सीडी, दोन्ही शेजारी लावून कोणी ऐकू नये म्हणून, पहिल्या वर्षापासून मोडूनच टाकी. बाहेर कोणाला कळायचा प्रश्नच नव्हता, कारण आमच्याकडच्या लग्नांत पेटी आणतो कोण? आतोबा घरी सीडी ऐकत, तिथून 'सा' उचलत आणि मफलरखाली तो हळू गुणगुणत ऑटोतून मांडवापर्यंत नेत. वाटेत ओळखीच्याने नमस्कार केला तरी मान हलवत नसत. मान हलली तर सांडेल म्हणून. त्यांना काय ठाऊक, की त्या मफलरखाली आता पांढरी तीन चालली आहे, मग काळी दोन, मग पांढरी दोन. मला मात्र ठाऊक होतं, आणि भिण्याचं जे काम आजवर आतोबा करत होते ते हळूहळू माझ्याकडे आलं. रस्त्यात कोणी पेटी नेताना दिसलं तरी मी दुसऱ्या गल्लीत वळे. सगळ्यात जास्त भीती आत्याची. तानपुरा उतरला की ती आपोआप उतरे. दुसऱ्या वर्षी तिला सर्दी झाल्यासारखी वाटली, तिसऱ्या वर्षी ती एखाद्या थोराड बाईसारखी बोलू लागली, आणि चौथ्या वर्षी, देवाशपथ सांगतो, कोर्टाचा शिपाई पुकारा करतो तसा आवाज आला, "अवो, दूध पाहा बरं!" ते वाक्य कापून टाकणं दोन मिनिटांचं काम होतं. मी हिरव्या तुऱ्यावर तेवढा तुकडा निवडून ठेवी, बोट बटणावर ठेवी, आणि उचलून घेई. आत्याला कापायचं मला झालं नाही. दरवेळी सीडी देताना मी भीतभीत विचारी, "लावून पाहिली का आतोबा? ठीक आहे ना?" ते म्हणत, "पाह्यली. चांगली हाय." आणि मफलर सावरत निघून जात.

चौथ्या सीडीनंतरच्या हिवाळ्यात माझ्या आतेबहिणीचं लग्न ठरलं. मुलगा नागपूरचा, मलाजखंडच्या खाणीत इंजिनिअर. सगळं छान होतं. फक्त मुलाचे मोठे काका संगीत शिक्षक होते, आणि पत्रात त्यांनी आवर्जून कळवलं होतं की मंगलाष्टकं पेटीच्या साथीने होतील, पेटी ते स्वतः आणतील. ते पत्र आतोबांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. माझ्या हातातला चहा बशीत सांडला. आतोबा गावभर सांगत सुटले, "पेटी हाय म्हणते. पोरीसाठी म्हणीन तं पांढरी चारमधीच म्हणीन." ते जेव्हा जेव्हा हे म्हणत तेव्हा तेव्हा मी घाम पुसत होतो, आणि महिना होता पौष संपतानाचा. त्यांचा आवाज चार वर्षांत काळी एकपर्यंत आला होता. पेटीवर पांढरी चार वाजली की पहिल्याच ओळीला, पोरीच्या अंतरपाटासमोर, दोन्हीकडच्या माणसांत, तो फाटणार होता. आणि फाटल्यावर त्यांना एका क्षणात सगळं कळणार होतं, आवाज गेल्याचं आणि मी फसवल्याचं. आत्याला दिलेला शब्द मोडल्याचंही. मी लग्नाच्या आधी तीन रात्री झोपलो नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या वेळी मी पेटीवाल्या काकांना गाठलं. काटकुळे, चष्मा नाकाच्या टोकावर, पोहेसुद्धा तालात खाणारे. त्यांच्या कानाशी लागून म्हणालो, "काका, एक विनंती होती. आमचे आतोबा पांढरी चार मागतील. तुम्ही कृपा करून काळी एक द्या."

त्यांनी चमचा खाली ठेवला. "पांढरी चार मागितली तर पांढरी चार मिळेल," ते म्हणाले. "माझी पेटी खोटं बोलत नाही."

मी पोह्यांची बशी तशीच ठेवून उठलो.

मांडव भरला. अंतरपाट धरला गेला. माझ्या मुठीतल्या अक्षता घामाने एकमेकींना चिकटल्या होत्या. भटजींनी बोट वर केलं, आणि आतोबा पुढे आले. त्यांनी वरचा मफलर काढला, मग आतला काढला, दोन्ही घड्या करून माझ्या हातात दिले. मला त्यांच्याकडे पाहवेना. पेटीवाल्या काकांनी भाता मोकळा करून विचारलं, "कोणती देऊ?" मी डोळे मिटले. कान मिटता येत नाहीत, नाहीतर तेही मिटले असते.

आतोबा वाकले आणि हळूच म्हणाले, "काळी एक द्या."

पेटीवाल्या काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. माझा हात आपोआप उघडला आणि सगळ्या अक्षता पडल्या. आमच्याकडे अक्षता केव्हा टाकायच्या हे बहुतेकांना शेजाऱ्याकडे पाहूनच कळतं. शेजाऱ्याने टाकल्या, त्याच्या शेजाऱ्याने टाकल्या, आणि एक अक्षरही म्हटलं जाण्याआधी नवरा-नवरीवर तांदळाचा पाऊस झाला. बँडवाल्याने बार उडवला. भटजी "अहो थांबा, थांबा" म्हणून ओरडायला लागले. त्या गोंधळात एकटे आतोबा शांत उभे होते. सगळं निवल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि काळी एकमध्ये, साध्या पुरुषमाणसांच्या पट्टीत, म्हणायला सुरुवात केली. आवाज वर चढला नाही. बँडवाल्यांनी कर्णे खाली ठेवले की नाही ते मी पाहिलं नाही. आतेबहीण अंतरपाटापलीकडे रडत होती, आणि आवाज कुठेही फाटला नाही, एवढं मला आठवतं.

पाठवणी झाल्यावर चौथ्या दिवशी आतोबा दुपारी दुकानात आले. स्टुलावर बसले. गळा उघडाच होता. मी काही बोलायच्या आत त्यांनी शर्टाच्या खिशातून सीडी काढून टेबलावर ठेवली. 'पांढरी चार', माझंच अक्षर.

"तुम्हाला केव्हा कळलं?" मी विचारलं.

"पह्यल्याच वर्षी," ते म्हणाले. "अबे, राइस मिलच्या भोंग्याची पट्टी सांगतो मी, अन् घरच्या तानपुऱ्याची नाही सांगणार? अन् ते राहू दे. तुही आत्या. दूध पाहा म्हणते न, तं तिची मोठी बहीण बोलून राह्यली असं वाटलं मले."

"मग बोलले काहून नाही?" मीही त्यांच्याच भाषेत आलो.

"तू सीडी देतानी असा भेत जाय," आतोबा म्हणाले, "का मले तुहीच काळजी वाटे. म्हटलं, हा पोरगा माह्यासाठी एवढा भेऊन भेऊन खोटं बोलते, तं कळलं म्हणून सांगावं कसं? अजून भेला असता. म्हणून गावातही पांढरी चारच सांगत राह्यलो."

ज्या माणसाला अख्खं गाव भित्रा म्हणत होतं त्याने चार वर्षं मला भिऊ नये म्हणून तोंड बंद ठेवलं होतं.

"अन् मलेही गरज होती न," ते म्हणाले. "तिले शब्द देलता. पोरीच्या लग्नावरी आवाज पुरवाचा होता. पण पाह्य न, माह्या आवाजासाठी मी तिले दरवर्षी अर्धा सूर खाली वढत होतो. यंदा तं वळखू नाही आली. सकाळी ऐकलं अन् वाटलं, हे कोण बाई हाय आपल्या घरात?" त्यांनी सीडी माझ्याकडे सरकवली. "आता तिले वर ने. होती तिथं. आता मले गायचं नाही, ऐकायचं हाय."

तेव्हा मला जी भीती वाटली ती आधीच्या चार वर्षांत वाटली नव्हती. मूळ कॅसेट चुरगळलेली, पहिली सीडी मीच मोडलेली. जुन्या फायलीवरच दरवर्षी मी सेव्ह केलेलं. म्हणजे मूळ आत्या कुठे उरलीच नव्हती; होती ती मी चार वेळा उतरवलेली. मी चौकटीत अधिक चार लिहिलं. खालची खूण केली, केली का ते दोनदा पाहिलं. काम किती झालं ते दाखवणारी रेघ पुढे सरकू लागली. आतोबा पडद्याकडे नाही, माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते, दवाखान्यात डॉक्टरच्या चेहऱ्याकडे पाहतात तसे. मग मी अकराव्या मिनिटावर आणून लावलं.

"अवो, दूध पाहा बरं, उतू जाऊन राह्यलं!"

आवाज किंचित थरथरत होता, लांबून, पाण्यापलीकडून आल्यासारखा. मागे चर्र झालं. मी थांबवलं. दुकानाबाहेर कोर्टाचा पुकारा चालला होता. आतोबांनी मान तिरपी करून तो संपू दिला, आणि पुन्हा लाव अशी खूण केली. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "थकली थोडीशी. पण तीच हाय." मार्कर मी उघडला तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "काही लिहू नको," म्हणाले. "कळते मले."

आता ते रिटायर झाले आहेत. लग्नांत मंगलाष्टकं कोणीतरी मोबाइलवर लावतं. आतोबा ऑटोत वाऱ्याकडे तोंड करून बसतात, आणि परवा मी त्यांना गोळा खाताना पाहिलं, काला खट्टा. सकाळी कधी गेलो तर खिडकी उघडी असते, तानपुरा चालू असतो, आणि ते आरामखुर्चीत नुसते बसलेले असतात. मी समोर बसतो. अकरावं मिनिट येतं. आत्या म्हणते, दूध पाहा. आणि तेव्हा जो माणूस तोंड दाबून चवड्यांवर गेला होता, तो आता खुर्चीतूनच, गळ्याची जराही पर्वा न करता, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने म्हणतो, "हौ वं, पाह्यलं!" कोणत्या पट्टीत, ते मला कळत नाही.